वरची कड उघडी

मैद्याची खळ शिजताना एक क्षण असा येतो, की पातेल्यातलं पांढरं पाणी एकदम काचेसारखं दिसायला लागतं. त्याच क्षणी गॅस बंद करायचा. जरा उशीर झाला की गुठळ्या. मार्था मावशींनी मला हे शिकवलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. आज दुपारी भावाच्या नाशिकच्या घरी, वहिनीच्या चकचकीत ओट्यावर मी खळ शिजवली, आणि हाताला तो क्षण बरोबर कळला. आयुष्यात बाकी बरंच कळायचं राहून गेलं, पण खळ कळली.

ओट्यावर एक कार्ड ठेवलंय. नाताळचं. बर्फात रोवलेलं फावडं आणि त्याच्या दांड्यावर बसलेला लाल छातीचा इवलासा पक्षी. बर्फावरची चमकी झडून गेलीय, चार-सहा कण तेवढे अजून उजेडात चमकतात. हे कार्ड सलोमीनं मला पाठवलं होतं. आणि पुढच्या वर्षी मी तेच कार्ड तिला परत पाठवलं. न कळत. म्हणजे गेले दोन दिवस मी सगळ्यांना 'न कळत' असंच सांगतेय.

उद्या दुपारच्या गाडीनं मावशी इटारसीला जाणार आहेत, सलोमीकडे, लेकीच्या घरी नाताळाला. त्यांच्या हाती सलोमीसाठी कार्ड द्यायचंय. कार्ड काय, तासाभरात होईल. आत काय लिहायचं, ते बावीस वर्षांत झालेलं नाही.

मी असते हैदराबादला. एका बाईंच्या म्हाताऱ्या आईला सांभाळते. बाई चांगल्या आहेत. भाचीचा साखरपुडा म्हटल्यावर त्यांनी आठ दिवसांची रजा दिली आणि वर स्वतःची शालही दिली, नाशिकला थंडी असेल म्हणून. मी शाल घेतली आणि रस्ताभर तिला डाग पडेल या काळजीनं पिशवीतच ठेवली. माझं हे असंच आहे. कुणी काही दिलं की आधी डोळे भरतात, मग ते हरवेल म्हणून हात सारखा पिशवीकडे जातो.

परवा भाचीला घेऊन मेन रोडला गेले. तिला बांगड्या बघायच्या होत्या आणि मला ते दुकान बघायचं होतं. पूर्वी डिसेंबर लागला की त्या दुकानात दोऱ्या बांधून कार्डं टांगायचे. वाऱ्यानं ती सगळी एकदम हलायची, आणि खालून बघितलं की बर्फ, चांदण्या, उंट, मेंढ्या सगळं डोक्यावरून चालल्यासारखं वाटायचं. आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात.

"ख्रिसमसची कार्डं आहेत का हो?" मी विचारलं.

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "कार्डं? अहो ताई, शेवटचा गठ्ठा घरी नेला मी. नातवानं त्याची विमानं केली. आता लोक मोबाइलवर सांताक्लॉज नाचवतात. कार्डाला कोण विचारतं?"

भाची म्हणाली, "आत्या, तुला कुणाला विश करायचंय? नंबर दे, मी दोन मिनिटांत मस्त बनवून पाठवते. नावासकट."

"नंबर नाहीये गं."

"मग कार्ड कुठं पाठवणार होतीस?"

पत्ता पाठ होता, पण बावीस वर्षांपूर्वीचा. मी कार्ड घेणार आणि हैदराबादला नेऊन डब्यात ठेवणार, हे मलाही ठाऊक होतं. गेली काही वर्षं मी तेवढंच करतेय.

दुकानदारालाच दया आली असावी. "चर्चच्या आवारात विक्री लागलीय बघा. तिथं बायका हातानं करून विकतात. मिळालं तर तिथंच."

आवारात टेबलं मांडलेली होती. केक, करंज्या, विणलेले मोजे. कोपऱ्यात एका टेबलावर कार्डांच्या चळती, आणि त्यांच्यामागे पांढऱ्या केसांची एक बाई स्वेटरच्या बाह्या वर सारून बसलेली. मी एक कार्ड उचललं. जुनं चित्र, नवा कागद. कडेला खळीचा तो ओशट, किंचित आंबूस वास. माझा हात पर्सकडे गेला. मी चेन लागलीय का बघितलं, परत बघितलं, परत.

"पर्सची चेन तीनदा बघणारी एकच पोरगी मला माहीत होती," बाई म्हणाल्या. "इगतपुरीची ना गं तू? गँगमनच्या चाळीतली?"

"मावशी!"

"अगं हळू, केक पाडशील त्या बाईचा."

त्यांनी मला टेबलामागे ओढून घेतलं. हात तसाच, खरखरीत आणि गरम. सलोमीचे पप्पा, आमचे गार्डकाका, गेले, त्यांच्या पेन्शनीवर आता नाशिकलाच असते, गुडघे दुखतात, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मी विचारलं, "सलोमी?"

"इटारसीलाच दिली. बालवाडीत शिकवते. दोन मुलगे आहेत, दोघंही तिच्या डोक्याच्या वर गेलेत." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "तू तिचं कार्ड परत का पाठवलंस गं?"

"मी?"

"मग कोण? उद्या घरी ये. डब्यात आहे."

इगतपुरीचा डिसेंबर ज्यानं पाहिला नाही त्याला मी काय सांगू. पावसाळाभर तर तिथं छपराखेरीज काही दिसतच नाही. पण भात कापून झालं की आभाळ एकदम मोकळं होतं, खळ्यातल्या पेंढ्याचा वास घरात येतो आणि पहाटे धुकं इतकं खाली उतरतं की सिग्नलचा दिवा नुसताच लाल डाग होऊन हवेत राहतो. घाट चढून आलेल्या गाडीला मागून ढकलणारी इंजिनं तिथं सुटायची. ती सुटताना जो एक मोठा सुस्कारा यायचा, तो ऐकून आमच्या चाळीतल्या बायका चहा ठेवायच्या. बाबा रुळाच्या कामाचं फावडं खांद्यावर टाकून धुक्यात शिरायचे, आणि थोड्या वेळानं नुसतं फावड्याचं पातं चमकताना दिसायचं.

गार्डकाकांचं क्वार्टर आमच्या चाळीसमोर. त्यांच्या दाराला नाताळात कामट्यांची चांदणी लागायची, लाल-पिवळा पतंगाचा कागद लावलेली. आत झिरोचा दिवा. ती चांदणी पेटली की आमच्या घरातली भिंत लाल व्हायची, आणि आई म्हणायची, "लागली बाई मार्थाची चांदणी. आता आपलीपण दिवाळी वाढली आठ दिवस."

मावशी रेतीवर केक करायच्या. मोठ्या पातेल्यात नदीची धुतलेली रेती, तिच्यात डबा, वर झाकणावर निखारे. केकचा वास आधी यायचा आणि मग कितीतरी वेळ केक यायचाच नाही. संध्याकाळी ढोलकी-पेटी घेऊन गाणारी मंडळी यायची, तोंडातून वाफा काढत. त्यांना कोरा चहा आणि करंजी. करंजी आमच्याकडच्या दिवाळीसारखीच, फक्त मावशी सारणात जास्त वेलची घालायच्या. अजून कुठं वेलचीचा वास आला की मला ढोलकी ऐकू येते.

आणि कार्डं. रेल्वेची माणसं म्हणजे बदलीची माणसं. आज इथं, तर पुढच्या वर्षी भुसावळ, मनमाड, जबलपूर. त्यामुळे मावशींकडे कुठून कुठून कार्डं यायची. त्या ती खिडकीत दोरीवर टांगत. आम्ही कधी बर्फ पाहिला नव्हता, पण धुकं माहीत होतं. सलोमी म्हणायची, बर्फ म्हणजे खाली बसलेलं धुकं. मला ते पटलेलं होतं. अजूनही थोडं पटतं.

जानेवारीत दोरी उतरली की खरं काम सुरू व्हायचं. मावशी प्रत्येक कार्डाची घडी कात्रीनं कापायच्या. आतलं लिहिलेलं पान बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. पुढचं चित्राचं पान गादीखाली, वर्षभर, सरळ होण्यासाठी. पुढच्या डिसेंबरात ते चित्र नव्या जाड कागदावर चिकटवायचं आणि दुसऱ्या कुणाला पाठवायचं. "चित्र चालतं राहिलं पाहिजे," मावशी म्हणायच्या. "एका घरात बसलं की त्याला वाळवी लागते."

फक्त एक नियम होता. कापायच्या आधी चित्राच्या मागे, कोपऱ्यात, पेन्सिलीनं लिहायचं, कुणाकडून आलं ते. 'भुसावळहून.' 'स्टेलाकडून.' कारण जे चित्र ज्या घरातून आलं, त्या घरी ते कधीच परत जाता कामा नये.

"गेलं तर काय होतं?" मी एकदा विचारलं होतं.

"काय होणार? त्याला वाटतं, आपण दिलेलं परत केलं."

खळीत मावशी चिमूटभर मोरचूद टाकायच्या, झुरळं लागू नयेत म्हणून. निळसर खळ. बोटं तोंडात घालायची नाहीत असा दम असायचा. आमची दोघींची बोटं निळी, आणि नाकं थंडीनं लाल.

चोरकप्प्याचा शोध सलोमीचा. मावशी चित्राच्या चारी कडांना खळ लावत. सलोमीनं एकदा तीनच कडांना लावली. वरची कड उघडी. चित्र आणि कागद यांच्यामध्ये खिसा झाला. त्यात चिठ्ठी सरकवायची. आत उघड्यावर मोठ्या माणसांसाठी 'नाताळाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि कप्प्यात खरं काय ते. समोरासमोर राहत होतो, तरी आम्ही एकमेकींना कार्डं द्यायचो. तिच्या पहिल्या चिठ्ठीत एवढंच होतं, 'केकचा जळका तुकडा तुझ्यासाठी ठेवलाय. मागच्या दारानं ये.'

मी सातवीत असताना गार्डकाकांची बदली इटारसीला झाली. ट्रक निघाला तेव्हा सलोमी सामानावर बसली होती, मांडीवर तो पत्र्याचा डबा. तिनं हात हलवला नाही. दोन बोटांनी हवेत खिसा उघडून दाखवला. मला कळलं.

मग कार्डं खरोखरची लांबून यायला लागली. पोस्टमन सायकलीवरून उतरायच्या आधीच मला पाकीट ओळखू यायचं, कारण ती पाकिटंसुद्धा घरीच करायची, जुन्या कॅलेंडरच्या पानांची, आकडे आतल्या बाजूला. पाकीट उजेडाला धरलं की एखाद्या गेलेल्या महिन्याच्या तारखा दिसायच्या. मी ते लगेच फोडत नसे. आधी वास घ्यायचा. मग अंगठ्यानं चित्र दाबून बघायचं, आत चिठ्ठी आहे का. कागदाखाली तो बारीकसा उंचवटा अंगठ्याला लागला, की जो आनंद व्हायचा, तसा आनंद मला पुढं फार कमी गोष्टींनी दिला. आत असायचं, इटारसीत संत्री स्वस्त आहेत. इथल्या मुली 'मैं' म्हणतात. मला कुणी मैत्रीण नाही अजून. तू आहेस.

नववीची परीक्षा दिली आणि दहावीच्या वर्गात मी गेले नाही. का, ते लांबण आहे, आणि त्यात कुणाचा दोषही नाही. मला नाशिकला मामाकडे पंचवटीत आणलं. मामानं त्याच्या दोन खोल्यांत मला जागा दिली, हे उपकार मी विसरणार नाही. गॅलरीत माझी पेटी आणि गादी. सकाळी भाजीबाजारातून वाट काढत चिवड्याच्या कारखान्यात. तळलेल्या कांद्या-लसणाचा वास केसांत, नखांत, स्वप्नात. मी पुड्या भरायचे. पापड-मसाल्याच्या बायका मोठमोठ्यानं हसायच्या, आणि मी प्रत्येक पुडी बंद झालीय का ते दोनदा बघायचे.

सलोमीला मी लिहिलं, 'नाशिकला शिकायला आले.'

एवढंच लिहायचं होतं. 'कामाला' लिहिताना हात अडला, म्हणून 'शिकायला' झालं. पुढच्या वर्षी दहावीचा निकाल लागला, तर निकाल सांगणं भाग होतं. मी बासष्ट टक्के लिहिले. फार विचार करून. जास्त लिहिले तर खोटं वाटेल, कमी लिहिले तर तिला वाईट वाटेल. तिनं नाताळची वाट न बघता लगेच कार्ड पाठवलं, हातानं काढलेल्या बासष्ट चांदण्या. मी त्या मोजल्या. बरोबर बासष्ट होत्या.

मग कप्प्यातल्या चिठ्ठ्यांत प्रश्न यायला लागले. विषय कोणते घेतलेस? होस्टेलमध्ये किती मुली एका खोलीत? 'तुझं कार्ड उघडलं की मला भूक लागते. मेसमध्ये रोज चिवडा देतात का?' हे वाचून मी हसले, आणि मग मला इतकी भीती वाटली की मी ओढणीचं टोक चावत बसले. उत्तरात मी होस्टेलची मेस रंगवली. तिथल्या बाईंचा स्वभाव रंगवला. खोलीतल्या तीन मुलींना नावं दिली. त्यांतल्या एकीला तर मी काविळीतून बरंसुद्धा केलं.

त्या पुढच्या नाताळात पक्ष्याचं कार्ड आलं. बर्फ, फावडं, लाल छाती. मी पाकीट फोडलं, आतल्या दोन ओळी वाचल्या, आणि अंगठा चित्रावर नेला. उंचवटा होता. मोठा होता. जाड चिठ्ठी. म्हणजे पुष्कळ प्रश्न.

मी अंगठा काढून घेतला.

आठवड्यानं वाचू म्हटलं. मग संक्रांतीनंतर. मग ते कार्ड इतर कार्डांबरोबर गॅलरीतल्या गादीखाली गेलं. मागे पेन्सिलीनं नाव लिहायचं, तेही लिहिलं नाही, कारण नाव लिहायला ते परत हातात घ्यावं लागलं असतं. गादीखाली एक वर्ष मी त्या चिठ्ठीवर झोपले. पहिल्यापहिल्यांदा टोचायची. मग टोचेनाशी झाली.

पुढच्या डिसेंबरात जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या पायरीवर बसून कार्डं केली. भुसावळच्या मैत्रिणीचं, मनमाडच्या मैत्रिणीचं, सलोमीचं. घाई होती. विमलबाई नावाची एक पेठ तालुक्यातली बाई शेजारी भाकरी खात होती. म्हणाली, "कुणाला गं येवढं नटवून? दादला मिलट्रीत हाय का काय तुझा?"

"मैत्रिणीला."

"मैत्रिणीला? मंग त्ये चांगलं दे की तिला, पाखराचं. लय गोड हाय."

मीही तेच ठरवलं होतं. सगळ्यांत सुंदर ते सलोमीला. त्या फावड्याकडे बघून मला धुक्यात शिरणारे बाबा आठवले होते, आणि वाटलं, ही आठवण तिच्याखेरीज कुणाला कळणार? ते चित्र आलं कुठून, हे डोक्यात आलंच नाही. आणि ते जरा जाड लागतंय म्हणून, उचकटू नये म्हणून, मी चारी कडांना खळ लावली. वरच्या कडेला जरा जास्तच.

त्यानंतर इटारसीहून कार्ड आलं नाही. मी एक वर्ष वाट पाहिली, दुसऱ्या वर्षी पाठवलं नाही. आणि खरं सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात सुटल्यासारखं वाटलं. आता निकाल सांगायला नकोत. काविळीच्या मुलीचं पुढं काय झालं, ते सांगायला नको.

काल मावशींकडे गेले. तोच पत्र्याचा डबा, झाकणावरचं बिस्किटांचं चित्र पुसून नुसतं पत्र्याचं आभाळ उरलेलं. त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं.

"अंगठा ठेव," म्हणाल्या.

उंचवटा होता.

"तुम्ही उघडलं नाही?"

"दुसऱ्याची चिठ्ठी मी कशी उघडू? ते आलं त्या दिवशी सलोमी खूप वेळ हातात धरून बसली होती. मग माझ्याकडं दिलं. म्हणाली, आई, हे पुढं पाठवू नको आणि फाडूही नको. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, काही नाही, उत्तर आलं."

मी म्हटलं, "मावशी, न कळत झालं हो. मागे नाव लिहायचं राहिलं माझ्याकडून."

मावशींनी चष्मा काढून पदरानं पुसला. "नाव लिहायचं राहतं गं. पण चिठ्ठी?"

मी चेन बघत राहिले.

"ते मला सांगू नको," त्या म्हणाल्या. "मी इथनं निघेन परवा. काय असेल ते तिला सांग. आणि रडू नको, चहा सांडेल."

आज दुपारी वहिनी बाजारात गेल्यावर ओलं फडकं चित्रावर ठेवून बसले. भाची शेजारी येऊन बसली. बावीस वर्षांची माझी खळ सुटायला तयार नव्हती. एवढी चांगली खळ मी पुन्हा कधी केली नसेल. शेवटी वरची कड हळूहळू उचलली गेली, आणि घडी केलेला वहीचा कागद बाहेर आला. पिवळा, पण कोरडा. मोरचुदानं राखला होता.

'फावडं बघितलंस? तुझ्या बाबांचंच आहे ना? दुकानात दिसलं आणि मी ओरडलेच. आता खरं ऐक. मला नर्स व्हायचंय. नाशिकला प्रवेश मिळेल म्हणतात. पप्पा म्हणतात, परक्या गावात ओळखीचं कोण आहे? मी सांगितलं, तू आहेस. पहिले दोन महिने तुझ्या होस्टेलवर ठेवून घेशील? खाली झोपेन. मार्चच्या आत कळव. ये एवढंच लिही. नाही जमलं तर काही लिहू नको, मी समजेन, रागावणार नाही. पण तू ये लिहिशीलच.'

भाचीनं माझ्या खांद्यावरून वाचलं. मग म्हणाली, "आत्या, सिंपल आहे. लिही की तुझी चिठ्ठी मला दिसलीच नाही. सॉरी. तिला वाईट वाटणार नाही, तुलाही नाही. आणि हे खरंच आहे ना?"

"अर्धं खरं आहे."

"मग उरलेलं अर्धं कशाला लिहायचं?"

ती एकोणीस वर्षांची आहे. परवा तिच्या बोटात अंगठी येणार आहे. मी तिला काय सांगणार? मी तिचा गाल धरला आणि म्हटलं, "जा, चहा टाक."

कारण उरलेलं अर्धं हे आहे. मी ती चिठ्ठी मार्चच्या आत वाचली असती, तरी काय केलं असतं? होस्टेल नव्हतंच. मामाची गॅलरी होती, तिथं माझीच गादी तिरकी घालावी लागायची. सलोमी ट्रंक घेऊन आली असती आणि मी अंगाला लसणाचा वास येत दारात उभी असते. मामाला विचारता आलं असतं. मामा कदाचित हो म्हणालाही असता, तो तसा होता. सलोमीला गॅलरीत झोपायला काहीच वाटलं नसतं, तिनं तर लिहिलंच होतं, खाली झोपेन. तिला नर्स व्हायला लागत होतं एक ओळखीचं माणूस. शिकलेलं माणूस तिनं मागितलंच नव्हतं. पण मी, माझे ते बासष्ट टक्के वाचवायला, काहीच लिहिलं नसतं. आज ती सगळी वर्षं मनाशी फिरवून बघते, आणि प्रत्येक वेळी पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन ती मुलगी परत येते.

खळ थंड झालीय. मावशींनी काल त्यांच्या चळतीतलं एक चित्र मला काढून दिलं होतं, निळ्या वाळूतून चाललेले तीन उंट, वर एकच चांदणी. मागे कोपऱ्यात त्यांची पेन्सिल, 'मनमाडहून.' भाचीच्या प्रोजेक्टचा जाड कागद दुमडला. बोट खळीत बुडवून डावी कड, उजवी कड, खालची कड. वरच्या कडेपाशी बोट थांबलं आणि मी ते फडक्याला पुसलं. आत उघड्यावर 'नाताळाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहिलं. मग वहीचा कागद घेतला.

'सलोमी, तुझी चिठ्ठी आज वाचली. तिथं होस्टेल नव्हतं. मी नववीनंतर शाळेत गेले नाही, चिवड्याच्या पुड्या भरत होते. बासष्ट टक्के खोटे, तुझ्या चांदण्या खऱ्या. पाखराचं कार्ड तुझंच आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. पण कप्पा मी विसरले नव्हते. मी घाबरले होते. तेव्हा वाचलं असतं तरी ये लिहिलं असतं, असं मला म्हणता येत नाही. तुझं जे राहिलं ते माझ्यामुळे. समजून घे असं मी म्हणणार नाही. हैदराबादला माझी एक खोली आहे, खाली माझा पत्ता लिहिते. मार्च होऊन गेला. ये.'

भाचीनं चहा आणून ठेवला. तोवर मी चिठ्ठी कप्प्यात सरकवली होती. तिनं कार्ड उचलून अंगठ्यानं दाबून बघितलं, कुणी न शिकवता.

दुसऱ्या दिवशी नाशिकरोडला गाडी वेळेवर आली. मावशींच्या हातात करंज्यांचा डबा, पिशवीत नातवांसाठी स्वेटर. मी कार्ड दिलं. त्यांनी उंट बघितले, मागे उलटवलं, मग अंगठा फिरवला.

"आत आहे काहीतरी."

"आहे."

"वरची कड उघडी ठेवलीस?"

"ठेवलीय."

"खळीत मोरचूद टाकलंस?"

"नाही मिळालं हो. तीन दुकानं फिरले."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. "सांगते तिला, लवकर वाच, नाहीतर झुरळं वाचतील."

गाडी हलली. मी डब्याबरोबर थोडी चालले. मला विचारायचं होतं, ती उत्तर देईल का हो? पण असं विचारणं म्हणजे पुन्हा काहीतरी मागणं. मी नुसता हात वर केला. मावशी खिडकीत आधीच शेजारणीला करंजी देत होत्या.

फलाटावर बाकावर बसले. पर्सची चेन उघडून पाखराचं कार्ड काढलं. ओल्या फडक्यानं कागद जरा फुगलाय, आणि चमकीचे ते चार-सहा कणही आता दोनच राहिलेत. पत्र्याच्या डब्यातून निघालं, पण हे आता चालणार नाही कुठंच. माझ्याकडेच राहणार. भाचीची पेन्सिल आणली होती. कार्ड उलटं केलं, आणि मागच्या कोपऱ्यात, मावशी लिहायच्या तसं बारीक अक्षरात लिहिलं, 'सलोमीकडून.'